शाळेच्या बसमधून बाहेर पडण्याचा सराव तुमच्याकडे होतो का?

वर्गशिक्षिका

नमस्कार मंडळी. मी नाशिकजवळच्या एका शाळेत शिकवते. यंदा शालेय परिवहन समितीत शिक्षकांच्या वतीने माझं नाव घातलं आहे. पहिल्या बैठकीत सगळी कागदपत्रं तपासून झाली. योग्यता प्रमाणपत्र, विमा, चालकांचे बॅज, वेगनियंत्रक, कॅमेरे, सगळं जागच्या जागी होतं. शेवटी मी विचारलं, "बसमध्ये धूर झाला तर मुलांना कुठून बाहेर पडायचं ते माहीत आहे का?" उत्तर आलं, "ताई असतात ना सोबत." ताई म्हणजे बसमधल्या मदतनीस.

दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गात बसने येणाऱ्या मुलांना विचारलं. मागे एक दार आहे एवढं बहुतेकांना ठाऊक होतं. ते उघडायचं कसं, हे एकालाही सांगता आलं नाही. एक मुलगा म्हणाला, "बाई, त्याला हात लावायचा नसतो. काका रागावतात."

शाळेच्या इमारतीतून बाहेर पडायचा सराव आम्ही घेतो. घंटा वाजते, मुलं रांगेने मैदानावर येतात. पण बसमध्ये रोज तास-दीड तास काढणाऱ्या मुलांकडून तसं काहीच करून घेत नाही. भिंतीवर तक्ता लावून किंवा प्रार्थनेच्या वेळी चार सूचना देऊन हे जमेल असं मला वाटत नाही. प्रत्येक मुलाने ते दार एकदा तरी स्वतःच्या हाताने उघडलं पाहिजे आणि त्यातून खाली उतरलं पाहिजे.

तुमच्याकडे असा सराव होतो का? कसा घेतात? अगदी लहान मुलांना घ्यावं का? आणि दप्तर टाकून निघायला मुलांना कसं शिकवायचं? मला तेच सगळ्यात अवघड वाटतंय.

---

ठाण्याची_आई

आमच्याकडे वर्षातून एकदा सभागृहात चित्रफीत दाखवतात. सराव नाही. वाचतेय.

---

एडिसनकर

ताई, चांगला विषय काढलात. आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथे शाळांना वर्षातून किमान दोनदा बसमधून बाहेर पडण्याचा सराव घ्यावाच लागतो. शाळेच्या आवारात बस उभी करतात, इंजिन बंद, हातब्रेक ओढलेला. माझी मुलगी दुसरीत आहे. तिने घरी येऊन करून दाखवलं त्यावरून लिहितो.

मागच्या दारातून उडी मारायची नाही. दार जमिनीपासून बरंच उंच असतं आणि पाय मुरगळतात ते तिथेच. दाराच्या कडेला बसायचं, पाय बाहेर सोडायचे आणि सरकत उतरायचं. खाली दोन मोठी मुलं दोन्ही बाजूंना उभी असतात, उतरणारा त्यांचे हात धरतो. उतरल्यावर तिथे रेंगाळायचं नाही. ठरलेला एक जण सगळ्यांना बसपासून शंभर फूट दूर घेऊन जातो आणि तिथे मोजणी होते. दाराजवळच्या बाकावरची मुलं आधी उठतात. डावा बाक, उजवा बाक, मग त्यांच्या मागचा डावा, असं. त्यामुळे मधल्या वाटेत कोंडी होत नाही.

इथे बसमध्ये सीटबेल्टचे पट्टे असतात. २०१८ च्या मे महिन्यात महामार्ग ८० वर सहलीच्या बसचा अपघात झाला, त्यात एक विद्यार्थिनी आणि एक शिक्षिका गेली. त्यानंतर राज्याने नव्या बसना खांद्यावरून येणारे पट्टे सक्तीचे केले. म्हणून सरावाची सुरुवात पट्टा सोडण्यापासून होते. घाबरलेल्या मुलाला कळ सापडत नाही, तेव्हा डोळे मिटून सोडायला लावतात.

आणखी एक. अडचण आली की लगेच उतरायचं, असं मात्र शिकवत नाहीत. आग, धूर, इंधनगळती, बस रुळावर किंवा पाण्यात अडकली, दुसरी गाडी येऊन धडकेल अशा जागी थांबली, तरच उतरायचं. एरवी बसच्या आतच जास्त सुरक्षित.

---

बसमालक_काका

माझ्या चार बस शाळेला लागलेल्या आहेत, म्हणून दुसरी बाजू लिहितो. ते मागचं दार "हात लावायचा नाही" असं का असतं, ते ऐका. पाचवी-सहावीची पोरं चालत्या गाडीत त्या खटक्याशी खेळतात. एकदा सिग्नलला गाडी उभी असताना एकाने दार उघडलं. मागून दुचाकी येत होती, थोडक्यात वाचलं. तेव्हापासून आमचे चालक त्या दांड्याला सुतळी बांधतात. सुतळी हाताने सुटते, कुलूप नाही ते. पोरगं पडलं तर गुन्हा आमच्यावर, गाडी जप्त, परवाना धोक्यात. सराव घ्या, माझी ना नाही. पण सगळ्या पोरांना दार उघडायला शिकवलंत तर उद्या चालत्या गाडीत उघडतील. त्याची जबाबदारी कोण घेणार?

---

घाटवाट

काका, तुमची भीती खरी आहे, पण सुतळी हा उपाय नाही. हाताने सुटते हे तुम्ही दिवसाउजेडी, शांतपणे म्हणताय. गाडीत काळा धूर भरला, चाळीस मुलं मागून रेटतायत, अशा वेळी गाठ सुटत नाही.

१ ऑक्टोबर २०२४ ला थायलंडमध्ये शाळेच्या सहलीची बस बँकॉकजवळ पेटली. २० विद्यार्थी आणि ३ शिक्षक गेले. गाडी सीएनजीवरची होती. मागचं आपत्कालीन दार उघडता आलं नाही, हे तेव्हाच्या सगळ्या बातम्यांत होतं.

त्याच्या कितीतरी आधी, १४ मे १९८८ ला, अमेरिकेत केंटकी राज्यात कॅरलटनजवळ एक जुनी शाळेची बस चर्चच्या मुलांना सहलीहून परत आणत होती. उलट्या दिशेने आलेल्या, दारू प्यायलेल्या चालकाच्या गाडीने समोरून धडक दिली. इंधनाची टाकी फुटली, पुढच्या दारापाशी आग लागली. बसमध्ये ६७ जण होते, २७ गेले. त्यातलं कोणीही धडकेने गेलं नाही, सगळे आगीने आणि धुराने गेले. बाहेर पडायला मागचं एकच दार उरलं होतं. तिथे सहलीची बर्फाची पेटी ठेवलेली, मधली वाट अरुंद, आणि मुलं एकमेकांत अडकली. त्यानंतर केंटकीने शाळेच्या बसला नऊ आपत्कालीन मार्ग सक्तीचे केले.

आपल्याकडे सहलीला निघालेल्या गाडीत मागे काय असतं आठवा. पाण्याचे जार, बिस्किटांचे खोके, क्रिकेटची किट. सगळं त्या दारालाच टेकवलेलं.

---

गॅरेजवाला

बसमालक काकांच्या प्रश्नाला व्यवहारी उत्तर आहे. दाराच्या खटक्याला कळ बसवून चालकासमोर बझर लावता येतो. दार जरा हललं तरी पुढे आवाज होतो, चालक थांबतो. काम मोठं नाही, कोणताही वाहनांचा वायरमन करून देईल. दांड्यावर पारदर्शक झाकणही लावता येतं, जे ओढलं की निघतं. खेळता खेळता हात लागला तर दार उघडत नाही, आणि गरजेच्या वेळी अडवतही नाही.

खिडक्यांबद्दल कोणीच बोललं नाही अजून. शाळेच्या बसला खिडकीत आडव्या सळया लावाव्या लागतात, मुलांनी डोकं-हात बाहेर काढू नये म्हणून. नियम योग्यच आहे. पण त्यामुळे आपल्या मुलांसाठी खिडकी ही वाट उरत नाही. खासगी ट्रॅव्हल्सच्या गाडीत "काच फोडून बाहेर पडा" हे चालतं, शाळेच्या बसमध्ये बहुतेक खिडक्यांना ते लागूच होत नाही. म्हणून पुढचं दार, आपत्कालीन दार आणि असेल तर छतावरची झडप, एवढ्याच वाटा धरून शिकवा. कुठल्या काचेला सळई नाही तेही दाखवून ठेवा.

काच फोडायचीच वेळ आली तर बाजूची काच कोपऱ्यात फोडायची, मधोमध नाही. ती कडक केलेली असते, कोपऱ्यात टोकदार घाव बसला की सगळी चुरा होते. पुढची मोठी काच दोन थरांची असते. तिला तडे जातात पण ती सहज पडत नाही. तिच्यावर वेळ घालवू नये.

---

बालवाडीताई

लहान मुलांना घ्यावं का? घ्यावं, नक्की घ्यावं. फक्त आग, अपघात हे शब्द लागत नाहीत. आमच्याकडे छोट्या गटाची तीन-साडेतीन वर्षांची मुलं आहेत. आधी वर्गात खुर्च्यांची बस करतो. मधे वाट ठेवतो. "उतरा" म्हटलं की हातातलं खाली ठेवायचं आणि माझ्या हातातल्या पिवळ्या रुमालामागे चालायचं. मग हाच खेळ उभ्या बसमध्ये. मुलं घाबरत नाहीत, उलट पुन्हा पुन्हा मागतात.

दप्तराचं विचारलंत ना? तोंडी सांगून होत नाही. मुलांना घरी दप्तर हरवलं म्हणून ओरडा बसलेला असतो, ते कसं सोडतील? आम्ही पालकांना कळवून ठेवलं, की सरावाच्या दिवशी घरूनच मुलांना सांगा, "आज ताई उतरा म्हणाल्या तर दप्तर बसमध्येच राहू दे, आई रागावणार नाही." सगळा फरक त्या वाक्याने पडला.

---

उनाडपप्पू

बालवाडीताई, माझ्या भाचीच्या शाळेत सराव झाल्यावर बाईंनी विचारलं, "काय काय बसमध्ये सोडून यायचं?" भाची म्हणाली, "दप्तर, पाण्याची बाटली, आणि दादा." दादा त्याच बसमध्ये पाचवीत आहे. बाईंनी पुन्हा समजावलं, तर म्हणे, "त्याला मी आणणार नाही, तो माझा डबा खातो."

---

वर्गशिक्षिका

पप्पू, हसले खरी, पण भावंडांचा मुद्दा मी वहीत लिहून घेतला. खऱ्या वेळी मोठं भावंड धाकट्याला शोधायला वाटेत उलटं फिरणार. तुमच्या भाचीच्या दादाला आधीच सांगावं लागेल, की तू खाली उतरून मोजणीच्या जागी थांब, तिला ताई आणतील.

---

लालपरी

एसटीत वाहक होतो, आता निवृत्त. आमच्या गाडीत "संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग" ही पाटी महाराष्ट्रातल्या प्रत्येक माणसाने वाचलेली आहे. पण ते दार उघडून पाहिलेला प्रवासी मला सगळ्या नोकरीत भेटला नाही.

शाळेच्या सहली आमच्याच गाड्यांतून जायच्या. माझी पद्धत सांगतो. गाडी शाळेच्या फाटकातून हलण्याआधी मी गुरुजींना म्हणायचो, दोन मिनिटं द्या. मग मागच्या पोरांपैकी दोन धिप्पाड बघून घ्यायचो, त्यांना दांडा वर करायला लावायचो, दार उघडून बंद करायला लावायचो, आणि सगळ्यांसमोर त्यांची नावं घ्यायचो. पोरांना त्याचा मान वाटायचा, आणि मागे सामान ठेवायला आलेल्या मास्तरांना तीच पोरं अडवायची.

मानव विकास या सरकारी कार्यक्रमाच्या निळ्या गाड्यांतून खेड्यापाड्यातल्या मुली शाळेत जातात. त्यांच्याकरिता कोणी असा सराव घेतलाय का, कुणाला माहीत असेल तर सांगा. सकाळच्या फेरीला त्या गाड्यांत उभं राहायला जागा नसते. उभ्या मुलींनी आधी कुठे सरायचं, हेही शिकवावं लागेल.

---

शंकेखोर

धागा आवडला, पण क्रम चुकतोय असं वाटतं. आपल्याकडे शाळेच्या गाड्यांच्या बातम्या नीट वाचा. किती मुलं आगीत जातात आणि किती स्वतःच्याच बसच्या चाकाखाली? पोर उतरतं, बूट बांधायला वाकतं किंवा पडलेली बाटली घ्यायला जातं, चालकाला दिसत नाही, गाडी हलते. नाहीतर उतरून बसच्या पुढून पळत रस्ता ओलांडतं आणि ओव्हरटेक करणारा उडवतो. शाळेने दिवस काढायचाच असेल तर आधी चढणं-उतरणं शिकवा. मागच्या दाराचं नंतर बघू.

---

एडिसनकर

शंकेखोर, चढण्या-उतरण्याबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. इथेही बसच्या भोवतालचा दहा फुटांचा पट्टा सगळ्यात धोक्याचा मानतात. मुलांना शिकवतात, की चालकाचा चेहरा तुला दिसत नसेल तर त्याला तू दिसत नाहीस. काही पडलं तर उचलायला वाकायचं नाही, आधी चालकाला सांगायचं.

फक्त एक सावधगिरी. इथल्या चित्रफिती जशाच्या तशा दाखवू नका. इथे मुलं बसच्या पुढून रस्ता ओलांडतात, कारण बस थांबली की तिचे लाल दिवे लागतात, बाजूला थांबण्याचा फलक उघडतो आणि दोन्हीकडची वाहनं कायद्याने थांबतात. आपल्याकडे उभ्या बसला पाहून कोणी थांबत नाही. तिथे हा धडा दिला तर मुलाला थेट ओव्हरटेकच्या तोंडी देऊ.

---

घाटवाट

शंकेखोर, "नंतर बघू" हेच मान्य नाही. दोन्ही गोष्टी एकाच सरावात होतात. मूल दारातून उतरतंय, बाजूला होतंय, ठरलेल्या जागी जातंय, ते दार पुढचं काय नि मागचं काय. आणि आपल्याकडे आग दुर्मिळ आहे म्हणता? ८ ऑक्टोबर २०२२ ला नाशिकमध्ये यवतमाळहून येणारी बस पेटली, १२ जण गेले. १ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस उलटून पेटली, २५ गेले. ती डाव्या अंगावर पडली, दार खाली दबलं. जे वाचले ते काच फोडून बाहेर आले. या गाड्या शाळेच्या नव्हत्या, मान्य. पण दार दबलं तर दुसरी वाट कुठली, हा प्रश्न शाळेच्या बसलाही तसाच पडतो, आणि वर गॅरेजवाल्यांनी सांगितलंय की तिथे खिडकीही नाही.

---

शंकेखोर

बरं, दोन्ही एकत्र घेता येत असेल तर माझी हरकत नाही. पण रस्ता ओलांडण्याचं कोणी ठोस सांगेल का?

---

बालवाडीताई

आमच्याकडे ठरलेलं आहे. ज्याचं घर पलीकडे, त्याला ताई हात धरून ओलांडून देतात आणि बस तोवर हलत नाही. पालक पलीकडे उभे असतील तर त्यांनी अलीकडे यायचं, पलीकडून हाक मारायची नाही. आईची हाक ऐकली की मूल रस्ता बघत नाही, सुटतंच.

---

चिमुकल्यांची_माय

तुमच्या सगळ्यांच्या शाळेला बस आहे. आमच्या गावात व्हॅन आणि रिक्षा. सरकत्या दाराची व्हॅन, आत सीटखाली गॅसची टाकी, मुलं मांडीवर मांडी घालून. यांच्यासाठी काय सराव?

---

गॅरेजवाला

माय, व्हॅनसाठी तर जास्तच गरज आहे. तीन गोष्टी पाहा. सरकतं दार आतून उघडतं का? पुष्कळ गाड्यांत मुलांनी उघडू नये म्हणून आतली कळ बंद केलेली असते. मग चालक बेशुद्ध पडला तर बाहेरच्या माणसाशिवाय सुटका नाही. निदान पुढच्या सीटकडून बाहेर पडायची वाट मोकळी हवी, आणि तिथे बसणाऱ्या मोठ्या मुलाला पुढचं दार उघडता यायला हवं. दुसरं, मागची डिकी बहुतेक व्हॅनला आतून उघडत नाही, हे मुलांना स्पष्ट सांगा, नाहीतर ती तिकडे धावतील. तिसरं, गॅसचा वास आला तर काकांना ओरडून सांगायचं, "वास येतोय, थांबवा", आणि गाडी थांबेपर्यंत सांगत राहायचं. मोठ्यांना उलट बोलू नये असं शिकवलेली मुलं इथे गप्प बसतात.

---

दोहाकर

उतरण्यावरून आठवलं. २०२२ च्या सप्टेंबरात इथे कतारमध्ये केरळच्या एका कुटुंबाची चार वर्षांची मुलगी शाळेच्या बसमध्ये झोपून राहिली. कोणी न बघता बस बंद केली, उन्हात ती गेली. त्याच महिन्यात जपानमध्ये शिझुओका भागातल्या माकिनोहारा इथे तीन वर्षांची मुलगी बालवाडीच्या बसमध्ये अशीच गेली. जपानने एप्रिल २०२३ पासून अशा बसना सूचनायंत्र सक्तीचं केलं, त्यातल्या एका प्रकारात चालकाला शेवटच्या बाकापर्यंत जाऊन ते बंद करावं लागतं. तिथल्या काही बालवाड्या मुलांना हॉर्न वाजवायलाही शिकवतात. लहान हातात जोर कमी, म्हणून स्टिअरिंगवर पाठमोरं बसून अंगाच्या भाराने हॉर्न दाबायचा.

आपला उन्हाळाही कमी नाही. सरावात हा हॉर्नचा भाग घ्याच. मुलांना सगळ्यात जास्त आवडेल तो हाच, आणि एकट्या पडलेल्या मुलाच्या हातात तेवढाच उपाय असतो.

---

निशिगंध

माझा मुलगा स्वमग्न आहे, नऊ वर्षांचा, इतर मुलांबरोबरच बसने जातो. शाळेत पहिला सराव अचानक झाला. शिट्टी, आरडाओरड, आणि हा सीटखाली जाऊन बसला. ताईंनी ओढलं तर आणखी घट्ट धरलं. शाळा म्हणाली, "पुढच्या वेळी त्याला सरावाला आणू नका." मी नाही म्हणाले. खरी वेळ आली तर त्याला घरी ठेवता येणार आहे का?

मग आम्ही असं केलं. बसचे, त्या दाराचे, खाली उतरण्याचे फोटो काढले आणि क्रमाने चिकटवून छोटं पुस्तक केलं. रोज झोपताना वाचलं. एका शनिवारी रिकाम्या बसमध्ये फक्त तो, मी आणि ताई. शिट्टीऐवजी ताईंनी एक ठरावीक शब्द वापरला. मग त्याच्या शेजारच्या मित्राला बरोबर घेतलं. आता तो मित्र उठला की हा उठतो. शिट्टीची सवय सगळ्यात शेवटी लावली.

चाकाच्या खुर्चीवरच्या मुलांचं वेगळं. खुर्ची उतरवत बसायला वेळ नसतो. खुर्ची तिथेच सोडून मुलाला जाड चादरीवर घ्यायचं आणि दोघांनी चादर धरून बाहेर काढायचं. ती चादर बसमध्ये त्याच्या जागेजवळच हवी, आणि ते दोघे कोण हे आधी ठरलेलं हवं. कृपा करून कोणत्याही मुलाला सरावातून वगळू नका.

---

ठाण्याची_आई

निशिगंध, हे शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू का? तुमचं नाव न घेता.

---

निशिगंध

जरूर टाका.

---

बंबखाना

अग्निशमन दलात आहे, म्हणून काही भर घालतो.

शाळेच्या बसमध्ये दोन अग्निशामक असतात, एक चालकापाशी आणि एक आपत्कालीन दाराजवळ. काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते ताईंनी रोज बघायचं. पण मुलं बाहेर पडेपर्यंत ते हातात घ्यायचं नाही. पावडरचा अग्निशामक काही सेकंदांत रिकामा होतो. आधी मुलं, आणि बाहेर वाट काढायला लागला तरच तो. ज्वाळेच्या शेंड्यावर नाही, बुडाशी मारायचा.

धूर असेल तर मुलांना वाकून चालायला शिकवा. धूर वर साचतो, श्वास घेण्याजोगी हवा खाली उरते. पहिली-दुसरीच्या मुलांची उंचीच कमी, त्यांना नुसतं "खाली मान" पुरतं. मोठ्यांना गुडघ्यांवर यायचा सराव द्या.

उतरल्यावर दूर कुठे जायचं? धूर ज्या दिशेला जातोय तिच्या उलट. एडिसनकरांनी सांगितलेले शंभर फूट, म्हणजे साधारण तीस मीटर, बरोबर आहे.

विजेची तार बसवर पडली तर मात्र सगळं उलटं. आतच बसायचं, धातूला हात लावायचा नाही, महावितरणने वीज बंद केल्याचं कळेपर्यंत कोणी उतरायचं नाही. आग लागली म्हणून उतरावंच लागलं तर एकाच वेळी बस आणि जमीन दोन्हीला स्पर्श होता कामा नये. दोन्ही पाय जुळवून उडी, आणि नंतर पाय जमिनीवरून न उचलता घासत, छोटी छोटी पावलं टाकत दूर. उडी मारायची ही एकच वेळ. पावसाळ्यात आमच्याकडे तारांचे फोन येतातच, म्हणून हे आवर्जून लिहितोय.

आणि आपत्कालीन दार कुठल्या अंगाला आहे ते आधी पाहून घ्या. काही बसना ते पाठीमागे असतं, काहींना उजवीकडे. उजवीकडचं असेल तर मुलं थेट रहदारीत उतरतात. तिथे पहिला मोठा माणूस उतरला पाहिजे, आणि मुलांनी बसच्या अंगाने मागे जाऊन डाव्या कडेला यायचं.

जवळच्या केंद्राला पत्र दिलंत तर आमची माणसं सरावाला येतात. बोलवा.

---

बसमालक_काका

सगळं वाचलं. सुतळ्या सोडायला सांगितल्या आहेत. बझर बसवून घेतो, पण चारही गाड्यांचा खर्च एकट्यावर नको, शाळेने निम्मा उचलावा. आणि सराव असेल त्या दिवशी चालकांनाही त्यात घ्या. अमुक दांडा कसा हलतो हे त्यातल्या दोघांना मलाच दाखवावं लागलं. गाड्या बदलतात, प्रत्येकीचा खटका वेगळा.

चालकाला काही झालं तर गाडी कोण थांबवणार, हेही शिकवा. हातब्रेक कुठला आणि चावी कुठे, एवढं ताईंना आणि दोन मोठ्या पोरांना आलंच पाहिजे.

---

वर्गशिक्षिका

काका, मनापासून आभार. निम्म्या खर्चाचं समितीत मांडते. मुख्याध्यापक अध्यक्ष आहेत आणि पालक-शिक्षक संघाचे प्रतिनिधीही असतात, मार्ग निघेल.

आमचं ठरलेलं लिहिते. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, मैदानावर, एका वेळी एकच बस. आदल्या शनिवारी चालक, ताई आणि प्रत्येक बसमधली आठवी-नववीची चार मुलं यांचा वेगळा सराव. दोघं खाली हात द्यायला, एक पुढे चालत मोजणीच्या जागी न्यायला, एक ताईंबरोबर मागे राहून बाकांखाली बघायला. त्यांच्या पालकांची संमती घेतली आहे. पालकांपैकी एकाने "माझ्या मुलाने शेवटी का थांबायचं?" असं विचारलं, आणि प्रश्न रास्त आहे. म्हणून बाकांखाली बघायचं काम मुलांकडून काढून ताई आणि चालकाकडेच दिलं. मुलं तीनच.

मुख्य सरावात आधी पुढचं दार, मग मागचं. नंतर "पुढचं दार बंद पडलं आहे" असं सांगून पुन्हा. शेवटी हॉर्न, पहिली ते तिसरीच्या प्रत्येक मुलाकडून. निशिगंध, आमच्या शाळेतली दोन मुलं डोळ्यांसमोर ठेवून फोटोंची पुस्तकं करायला घेतली आहेत. घड्याळ लावणार नाही. मुलं शर्यत लावतील आणि ढकलाढकली होईल.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा, कारण तोवर बस बदललेल्या असतात आणि मधेच नवी मुलं आलेली असतात.

---

लालपरी

सहलीच्या आधी तिसऱ्यांदा घ्या, बाई. सहलीची गाडी वेगळी असते, खटकाही वेगळा, मुलंही रोजच्या जागी बसत नाहीत.

---

वर्गशिक्षिका

हो काका, घेते. आणि सामान मागच्या दाराशी ठेवायचं नाही, हे सहलीच्या सूचनापत्रात पहिल्या ओळीला.

---

चिमुकल्यांची_माय

ताई, आमच्या शाळेत समिती आहे की नाही तेही ठाऊक नाही. मुख्याध्यापकांना पत्र द्यायचंय. मसुदा देता का? मला असं सरकारी भाषेत लिहिता येत नाही.

---

वर्गशिक्षिका

सरकारी भाषा नकोच. एवढं लिहा, खाली पाच-सात पालकांच्या सह्या घ्या आणि पोच मागा:

"मा. मुख्याध्यापक यांस, स. न. आमची मुले व्हॅनने व रिक्षाने शाळेत येतात. राज्याच्या स्कूल बसविषयीच्या २०११ च्या नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावयास हवी. आपल्या शाळेच्या समितीतील सदस्यांची नावे व पुढील बैठकीची तारीख आम्हांस कळवावी. त्या बैठकीत पुढील विषय घ्यावेत अशी विनंती आहे: प्रत्येक वाहनाची दारे आतून उघडतात का याची पालकांसमक्ष तपासणी, वाहनात बसणाऱ्या मुलांची संख्या, आणि सर्व मुलांकडून वाहनातून बाहेर पडण्याचा प्रत्यक्ष सराव. तपासणीच्या दिवशी आमच्यापैकी दोन पालक उपस्थित राहतील."

पोच मिळाली की इथे कळवा. आठवड्याभरात उत्तर आलं नाही तर पुढचं पत्र आपण मिळून लिहू.